स्विचवर एमटीयू वाढवायचाय? ऐरोली-महापेत नव्याने लागलेल्या नेटवर्कवाल्यांसाठी सगळ्या स्टेप्स

ठाण्यात सीसीएनए (सिस्कोचं नेटवर्किंगचं सर्टिफिकेट) करून ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यातल्या डेटा सेंटरमध्ये नाहीतर कुठल्या कंपनीच्या नेटवर्क टीममध्ये नव्याने लागलात की थोड्याच दिवसांत एक तिकीट, म्हणजे कामाची नोंद, हातात येतं, "स्टोरेज व्हीलॅनवर जंबो फ्रेम चालू करा". म्हणजे स्टोरेजसाठी वेगळ्या काढलेल्या नेटवर्कच्या भागात (व्हीलॅन) नेहमीपेक्षा मोठी पॅकेट जाऊ द्या, आणि त्यासाठी एमटीयू, म्हणजे एका पॅकेटची कमाल साइज, वाढवा. दिसायला एका ओळीचं काम आहे आणि कमांडही बहुतेक वेळा एकच असते. पण क्लासमध्ये यावर जेमतेम पाच मिनिटं दिलेली असतात, आणि प्रत्यक्षात यात चूक झाली तर लिंक अप दिसते, साधा पिंग जातो, मॉनिटरिंग हिरवं असतं आणि तरीही स्टोरेज हँग होतं. अशा वेळी नवीन माणूस तासन् तास भलत्याच ठिकाणी शोधत बसतो. मी हे काम या भागातल्या वेगवेगळ्या साइटवर केलंय, त्यातून जे कळलं ते ओळीने लिहितोय.

एक गोष्ट आधीच पक्की करून घ्या. तिकिटावर एकाच स्विचचं नाव असलं तरी काम दोन सर्व्हरच्या मधल्या अख्ख्या रस्त्याचं आहे, आणि त्या रस्त्यावर सगळ्यात कमी एमटीयू ज्याचा, तोच सगळ्यांचा. पुलाच्या अलीकडे उंचीची लोखंडी कमान असते ना, पुढे रस्ता कितीही मोकळा असला तरी ट्रक त्या कमानीएवढाच उंच चालतो, तसं.

कमांड मी खाली उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्यात, टाइप अर्थात इंग्रजीतच करायच्या.

१. आधी विचारा, हे खरंच लागणार आहे का

इथरनेटचा नेहमीचा एमटीयू १५०० बाइट. जंबो म्हटलं की साधारण ९०००. गंमत म्हणजे ९००० हा आकडा आयट्रिपलई या संस्थेच्या इथरनेटच्या ८०२.३ स्टँडर्डमध्ये नाहीच, तो कंपन्यांनी आपापसात रूढ केलेला आहे, आणि म्हणूनच प्रत्येक कंपनीचा कमाल आकडा थोडा वेगळा निघतो.

फायदा कुठे होतो ते हिशोबाने बघा. तारेवर प्रत्येक फ्रेममागे (पॅकेट ज्यात गुंडाळून जातं ती) हेडर, एफसीएस (चूक तपासायचे बाइट), प्रीअँबल (फ्रेमच्या आधीचा इशारा) आणि दोन फ्रेममधली गॅप मिळून ३८ बाइट जादा जातात. १५०० चं पॅकेट असेल तर त्यातले ४० बाइट आयपी आणि टीसीपीचे, म्हणजे १५३८ बाइटमागे खरा डेटा १४६०, साधारण ९४.९ टक्के. ९००० ला ९०३८ मागे ८९६०, साधारण ९९.१ टक्के. म्हणजे बँडविड्थमध्ये चारेक टक्क्यांचाच फरक. मोठा फरक पॅकेटच्या संख्येत पडतो, १० गिगच्या भरलेल्या लिंकवर १५०० ने सेकंदाला साधारण ८ लाख १२ हजार पॅकेट जातात, ९००० ने साधारण १ लाख ३८ हजार. तेवढं सीपीयूचं काम हलकं होतं. पण हल्लीची नेटवर्क कार्ड हे काम बऱ्यापैकी स्वतःच उचलतात, त्यामुळे फायदा प्रत्येक ठिकाणी सारखा दिसत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. आयस्कझी आणि एनएफएस (नेटवर्कवरून स्टोरेज), व्हीमोशन (चालू व्हर्च्युअल मशीन दुसऱ्या सर्व्हरवर हलवणं), बॅकअप असा एकाच डेटा सेंटरमधला जड ट्रॅफिक असेल तर जंबो करा. व्हीएक्सलॅन (एक फ्रेम दुसऱ्या पॅकेटमध्ये गुंडाळून नेणं) असेल तर स्विचवर मोठा एमटीयू करावाच लागतो, तिथे पर्याय नाही. पण ऑफिसच्या साध्या लॅनवर, जिथे प्रिंटर, कॅमेरे, आयपी फोन आणि लॅपटॉप आहेत, तिथे कोणी जंबो मागितलं तर कारण विचारा. तिथे मिळण्यासारखं काही नसतं आणि बिघडण्यासारखं खूप असतं.

२. आकडे समजून घ्या, निम्मा गोंधळ इथेच होतो

सगळ्या कंपन्या एमटीयू म्हणतात पण मोजताना एकच गोष्ट मोजत नाहीत. त्यामुळे दोन स्विचवर सारखाच आकडा टाकूनसुद्धा एमटीयू वेगळा निघू शकतो.

फ्रेम अशी बनते: १४ बाइटचं इथरनेट हेडर, मग पेलोड, शेवटी ४ बाइट एफसीएस. १५०० पेलोडची फ्रेम १५१८ ची होते, ट्रंकवर (अनेक व्हीलॅन नेणाऱ्या लिंकवर) व्हीलॅनचा टॅग लागला की अजून ४, म्हणजे १५२२. सिस्कोच्या आयओएस स्विचवर तुम्ही जो एमटीयू टाकता तो पेलोडचा असतो, हेडर सोडून. जुनिपरवर फिजिकल इंटरफेसला टाकलेल्या एमटीयूमध्ये ते १४ बाइटचं हेडर धरलेलं असतं, म्हणून तिथे डिफॉल्ट १५१४ दिसतो. म्हणजे जुनिपरच्या रूटेड इंटरफेसवर कोणी ९००० टाकलं तर आयपीला उरतात ८९८६. पलीकडे सिस्कोवर ९००० आहे, आणि मग दोघांमध्ये ओएसपीएफ (राउटरनी एकमेकांना रस्ते सांगायची पद्धत) एक्सस्टार्टला, म्हणजे सुरुवातीच्या टप्प्यातच, अडकून बसतं. दोन्हीकडचा माणूस छाती ठोकून सांगतो की माझ्याकडे ९००० आहे, आणि दोघंही खरं बोलत असतात.

विंडोज सर्व्हरवर नेटवर्क कार्डच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये जंबो पॅकेटला बरेचदा ९०१४ दिसतं. तेही हेडर धरूनच असतं, म्हणजे ९००० च. ते बघून घाबरू नका आणि उगाच बदलूही नका.

यातून सुटायचा सरळ नियम असा: स्विचवर तो मॉडेल देईल तेवढा जास्तीत जास्त ठेवा, बहुतेक डेटा सेंटर स्विचवर ९२१६, आणि सर्व्हरवर बरोबर ९०००. स्विचचा एमटीयू जास्त असल्याने काहीच बिघडत नाही, तो फक्त "एवढ्यापर्यंत मी पुढे ढकलेन" असं सांगतो. पॅकेट किती मोठं बनवायचं ते सर्व्हर ठरवतो. मधल्या जागेत टॅग, क्यू-इन-क्यू (टॅगवर दुसरा टॅग), व्हीएक्सलॅन सगळं बसतं. व्हीएक्सलॅनचे ५० बाइट लागतात, म्हणजे आतला सर्व्हर ९००० वर असेल तर अंडरलेला, म्हणजे त्याखालच्या नेटवर्कला, किमान ९०५० हवेत. फक्त एक लक्षात ठेवा, हे लेयर २ पोर्टबद्दल, म्हणजे आयपी न बघता फ्रेम पुढे देणाऱ्या पोर्टबद्दल, चाललंय. जिथे आयपी लावलाय तिथे दोन्ही टोकं अगदी सारखी लागतात, ते पुढे सहाव्या स्टेपमध्ये.

३. रस्ता कागदावर काढा

नुसतं डोक्यात ठेवू नका, खरंच कागद घ्या. डावीकडे एक सर्व्हर, उजवीकडे स्टोरेज, आणि मधलं प्रत्येक पोर्ट, प्रत्येक पोर्ट-चॅनल (एकत्र बांधलेल्या लिंक), प्रत्येक स्विच. एलएलडीपी नाहीतर सीडीपीचं आउटपुट घेऊन शेजारी कोण ते तपासा, कारण साइटवरच्या जुन्या डायग्रामवर माझा फारसा भरवसा नाही, दोन वर्षांपूर्वी कोणीतरी मधे घातलेला छोटा स्विच त्यात कधीच नसतो. आणि नेमका तोच १५०० वर असतो.

दोन रस्ते असतील तर दोन्ही काढा. स्टोरेजला बहुतेक ठिकाणी ए आणि बी अशा दोन फॅब्रिक, म्हणजे दोन वेगळी नेटवर्क, असतात, टेस्ट एकावरून होते आणि दुसरी तशीच राहते, मग ज्या दिवशी ए बाजू पडते त्या दिवशी बी बाजूचं सत्य कळतं. स्पॅनिंग ट्रीने लूप टाळायला ब्लॉक केलेली लिंकसुद्धा रस्त्यातच धरायची.

लिंक ऐरोलीच्या साइटवरून महापेच्या साइटला जात असेल आणि ती सर्व्हिस प्रोव्हायडरची असेल तर सर्किटचा एमटीयू त्यांच्याकडून मेलवर लेखी घ्या. फोनवर "हो हो जंबो चालतं" ऐकून पुढे जाऊ नका, आकडा किती आणि तो हेडर धरून की सोडून, हे दोन्ही विचारा.

४. सोबत काय हवं

कागद आणि परवानग्या:
– मंजूर झालेला चेंज रिक्वेस्ट नंबर आणि ॲप्रूव्हलचा मेल, प्रिंट किंवा पीडीएफ
– डेटा सेंटरचा गेट पास किंवा वर्क परमिट, त्यात तुमचं नाव, तारीख आणि रॅक नंबर बरोबर आहे ना ते आदल्या दिवशीच बघा
– सरकारी फोटो ओळखपत्र, ओरिजिनल
– लॅपटॉपचा मेक आणि सिरीयल नंबर, बऱ्याच ठिकाणी आत नेताना लिहून द्यावा लागतो आणि बाहेर पडताना तोच जुळवतात
– मघाशी काढलेला रस्त्याचा कागद, प्रत्येक पोर्टसमोर आत्ताचा एमटीयू आणि होणारा एमटीयू
– स्टोरेज टीम, सर्व्हर टीम आणि ज्यांचं ॲप्लिकेशन त्यावर चालतं त्यांच्यातला रात्री फोन उचलणारा एक-एक माणूस

सामान:
– कन्सोल केबल आणि यूएसबी-टू-सिरीयल, ड्रायव्हर आधीच टाकून चालवून बघितलेला. बऱ्याच डेटा हॉलमध्ये फोन नेऊ देत नाहीत, त्यामुळे तिथे उभं राहून ड्रायव्हर डाउनलोड करायची सोय नसते
– पुटी, बऱ्याच स्विचला ९६०० बॉड
– प्रत्येक स्विचच्या कॉन्फिगचा बॅकअप, लॅपटॉपवर आणि अजून एका जागी
– लॅपटॉपचा चार्जर. रॅकच्या पीडीयूवर सी-१३ सॉकेट असतात, घरगुती प्लग तिथे बसत नाही, म्हणून तशी कॉर्डही घ्या

विंडो, म्हणजे बदलासाठी मंजूर झालेली वेळ, रात्रीची असते आणि ठाणे-वाशी लाइनच्या गाड्या रात्री बंद होतात, तेव्हा परत यायची सोय संध्याकाळीच ठरवून ठेवा. काम संपवायची घाई ही सगळ्यात वाईट गोष्ट, आणि ती बहुतेक वेळा घरी कसं जायचं या विचारातून येते.

५. स्विचवरचा बदल

क्रम कायम हाच: वाढवताना आधी मधले स्विच, मग कडेचे स्विच, शेवटी सर्व्हर आणि स्टोरेज. कमी करायचं असेल तर बरोबर उलट, आधी सर्व्हर, मग स्विच. असं केलं की कुठल्याही क्षणी मोठं पॅकेट लहान पोर्टवर जाऊन आदळत नाही. उलटा क्रम झाला तर स्विच ते पॅकेट गुपचूप टाकून देतो. लेयर २ स्विच तुकडे करत नाही, आयसीएमपीने (नेटवर्कच्या अडचणी सांगणारे मेसेज) कळवत नाही, फक्त कुठेतरी एक काउंटर वाढतो.

बदल करण्याआधी प्रत्येक स्विचवरचं शो इंटरफेस आउटपुट सेव्ह करा, जायंट्स (मर्यादेपेक्षा मोठ्या फ्रेम) आणि इनपुट एररचे आकडे टिपून ठेवा. नंतर तुलना करायला तेच कामी येतात.

आता कुठल्या स्विचवर काय.

सिस्को कॅटलिस्ट २९६०, ३५६०, ३७५० ही जुनी मंडळी अजून खूप रॅकमध्ये आहेत. इथे पोर्टवर एमटीयू टाकता येत नाही, अख्ख्या स्विचचा एकच. ग्लोबल कॉन्फिगमध्ये "सिस्टिम एमटीयू जंबो ९०००" लिहायचं, हे गिगाबिट आणि त्यावरच्या पोर्टना लागू होतं. नुसतं "सिस्टिम एमटीयू" लिहिलं तर ते १०/१०० पोर्टसाठी आणि ते १९९८ च्या वर जातच नाही. मग रीलोड. रीलोडशिवाय काहीही बदलत नाही, "शो सिस्टिम एमटीयू" केलं की तोच स्विच सांगतो की नवा आकडा पुढच्या रीलोडला लागेल. स्टॅक असेल तर अख्खा स्टॅक रीलोड होणार हे धरून डाउनटाइम मागा.

याच मॉडेलमध्ये एक सापळा आहे जो नीट वाचा. हा एमटीयू रनिंग कॉन्फिगमध्ये जात नाही. तो एनव्हीरॅममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) वेगळा ठेवला जातो, राइट मेमरी केलं तरी बॅकअपच्या फाइलमध्ये ती ओळ येत नाही. म्हणजे उद्या स्विच जळाला, तुम्ही नवा आणला, बॅकअप टाकला, सगळं जुन्यासारखं दिसतं आणि एमटीयू मात्र १५०० वर. स्विच बदलणारा माणूस वेगळा असतो आणि त्याला हे कोणी सांगितलेलं नसतं. म्हणून स्विचच्या बॅनरमध्ये किंवा कुठल्या तरी डिस्क्रिप्शनमध्ये "सिस्टिम एमटीयू जंबो ९००० वेगळं टाकणे" असं लिहून ठेवा, डिस्क्रिप्शन बॅकअपमध्ये जातं.

कॅटलिस्ट ९३०० वगैरे नवीन सिरीजमध्ये "सिस्टिम एमटीयू ९१९८", कमाल तेवढंच आहे, ९२१६ घेत नाही.

नेक्सस ९००० वर काम सोपं, इंटरफेसमध्ये जाऊन "एमटीयू ९२१६". पोर्ट-चॅनल असेल तर पोर्ट-चॅनलवर टाका, मेंबरवर एकेक करत बसू नका. व्हीपीसी (दोन स्विचवर पसरलेलं एकच पोर्ट-चॅनल) असेल तर दोन्ही स्विचवर लागोपाठ करा आणि मधे चहाला जाऊ नका, कारण व्हीपीसी दोन्हीकडचा एमटीयू जुळतो का ते तपासतं आणि नाही जुळला तर पोर्ट सस्पेंड करू शकतं.

नेक्सस ५००० वेगळा आहे. तिथे पोर्टवर नाही, नेटवर्क-क्यूओएसच्या पॉलिसी मॅपमध्ये क्लास-डिफॉल्टला एमटीयू ९२१६ द्यायचा आणि ती पॉलिसी सिस्टिम क्यूओएसखाली लावायची. आणि सगळं बरोबर केल्यावर शो इंटरफेसमध्ये बघाल तर १५०० च दिसेल! तिथे नवीन माणूस तीच कमांड परत परत टाकत बसतो. "शो क्यूइंग इंटरफेस" बघा, खरा हार्डवेअर एमटीयू तिथे कळतो.

जुनिपरवर "सेट इंटरफेसेस, पोर्टचं नाव, एमटीयू ९२१६" आणि कमिट. कमिट करताना "कमिट कन्फर्म्ड ५" वापरायची सवय लावा, पाच मिनिटांत तुम्ही पक्कं केलं नाही तर स्विच स्वतःहून जुन्या कॉन्फिगवर जातो. रिमोट कामात याच्यासारखा आधार नाही.

एचपी प्रोकर्व्ह आणि त्याच घराण्यातल्या अरुबाच्या स्विचवर जंबो हे व्हीलॅनवर चालू करतात, "व्हीलॅन ३० जंबो". अरिस्तावर लेयर २ पोर्ट मुळातच ९२१४ वर असतात, बघायचं ते फक्त लेयर ३ ला. मायक्रोटिकवर एमटीयू आणि एल२एमटीयू असे दोन वेगळे आकडे दिसतात, आधी एल२एमटीयू पुरेसा आहे का बघा आणि मगच वरचा वाढवा, आणि त्याची कमाल मर्यादा मॉडेलप्रमाणे बदलते. अनमॅनेज्ड स्विच रस्त्यात असेल तर सेटिंगच नसतं, डेटाशीटमध्ये जंबो लिहिलंय का तेवढंच बघता येतं. स्टोरेजच्या रस्त्यात असला स्विच सापडला तर सरळ काढून टाका असं मी सांगेन.

बऱ्याच मॉडेलवर एमटीयू बदलताना पोर्ट क्षणभर खाली जाऊन वर येतो. चेंज रिक्वेस्टमध्ये "नो इम्पॅक्ट" असं कधीच लिहू नका.

६. लेयर ३, फायरवॉल आणि बाहेरचा रस्ता

जंबो व्हीलॅनला गेटवे असेल, म्हणजे एसव्हीआय (व्हीलॅनचा आयपी इंटरफेस) किंवा रूटेड पोर्ट, तर तिथला एमटीयू वेगळा सेट होतो. फिजिकल पोर्ट ९२१६ आणि एसव्हीआय १५०० हे मी खूप ठिकाणी बघितलंय. व्हीलॅनमधल्या व्हीलॅनमध्ये सगळं मस्त चालतं आणि दुसऱ्या सबनेटला गेलं की अडकतं. आपसात ओएसपीएफ चालवणाऱ्या दोन राउटरचा आयपी एमटीयू अगदी सारखा हवा. "आयपी ओएसपीएफ एमटीयू-इग्नोर" टाकून नेबर वर येतो खरा पण मूळ फरक तसाच राहतो, ते औषध नाही. बीजीपी (रस्ते सांगायची आणखी एक पद्धत) आणखी फसवं, सेशन वर येतं, कारण सुरुवातीचे मेसेज लहान असतात, मग मोठे अपडेट निघाले की ते पोचत नाहीत आणि होल्ड टाइम संपला की सेशन पडतं, परत वर येतं, परत पडतं. ठरावीक वेळाने पडणारं बीजीपी दिसलं की एमटीयू तपासाच.

फायरवॉलवर कोणीतरी "सिक्युरिटीसाठी" सगळं आयसीएमपी बंद केलेलं असतं. आयपीव्ही४ मध्ये टाइप ३ कोड ४ आणि आयपीव्ही६ मध्ये टाइप २, हे दोन उघडेच हवेत. पाथ एमटीयू डिस्कव्हरी (अख्ख्या रस्त्याचा एमटीयू आपोआप शोधणं), जी १९९० च्या आरएफसी ११९१ पासून चालत आलीय, ती याच मेसेजवर उभी आहे. मेसेज अडवला की पाठवणाऱ्याला कळतच नाही की आपलं पॅकेट मोठं आहे. आयपीव्ही६ मध्ये तर मधला राउटर तुकडे करतच नाही, त्यामुळे तिथे हे बंद करणं म्हणजे रस्ताच बंद करणं.

इंटरनेटच्या बाजूला १५०० च ठेवा. घरून व्हीपीएनने येणाऱ्यांची तक्रार असेल तर ती वेगळी गोष्ट आहे, घरच्या ब्रॉडबँडवर पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डने जोडलं जाणारं कनेक्शन) असेल तर ८ बाइट जाऊन १४९२ उरतात, त्यावर व्हीपीएनचं हेडर. तिथे व्हीपीएनचा एमटीयू आणि एमएसएस (टीसीपीच्या एका पॅकेटमधला कमाल डेटा) कमी करायचा असतो, डेटा सेंटरच्या स्विचला हात लावायची गरज नसते.

७. सर्व्हर आणि स्टोरेज

हे काम बहुधा तुमचं नसतं पण विचारायचं तुम्हीच. लिनक्सवर "आयपी लिंक सेट" ने टाकलेला एमटीयू रीबूटला जातो, तो नेटप्लॅन किंवा नेटवर्क मॅनेजरमध्ये कायमचा टाकला का ते विचारा. बाँडिंग असेल तर बाँडवर आणि त्यावरच्या व्हीलॅन इंटरफेसवर दोन्हीकडे, आणि वरचा खालच्यापेक्षा मोठा होत नाही. व्हीएमवेअरमध्ये व्हीस्विचवर वेगळा आणि व्हीएमकर्नल पोर्टवर वेगळा, दोन्ही ९००० हवेत, दुसरा विसरला जातो. स्टोरेजचे दोन्ही कंट्रोलर.

८. टेस्ट, आणि हीच खरी स्टेप

साधा पिंग म्हणजे काहीच सिद्ध होत नाही. लिनक्समध्ये तो ५६ बाइटचा जातो, विंडोजमध्ये ३२ चा. मोठा पिंग पाठवायचा आणि तुकडे करू नका असं सांगणारा डीएफ बिट लावून पाठवायचा. डीएफ नसेल तर ९००० चा पिंग सर्व्हरवरच तुकडे होऊन मजेत जातो आणि तुम्ही खूश होऊन घरी जाता.

आकडा ८९७२. कारण ९००० मधून आयपीचे २० आणि आयसीएमपीचे ८ वजा. आयपीव्ही६ ला आयपी हेडर ४० चं म्हणून ८९५२.

– लिनक्स: पिंग -एम डू -एस ८९७२ १०.२०.३०.४० (पहिला एम कॅपिटल, एस स्मॉल)
– विंडोज: पिंग -एफ -एल ८९७२
– व्हीएमवेअर: व्हीएमकेपिंग -डी -एस ८९७२, आणि कॅपिटल आय लावून कुठल्या व्हीएमके मधून ते सांगा, नाहीतर तो मॅनेजमेंटमधून जातो
– नेक्सस: पिंग, पॅकेट-साइज ८९७२, डीएफ-बिट
– सिस्को आयओएस: पिंग, साइज ९०००, डीएफ-बिट. इथे ८९७२ नाही, आयओएसचा साइज हेडर धरूनच असतो

उत्तर काय येतं ते बारकाईने वाचा. लिनक्सवर "मेसेज टू लाँग" आलं आणि त्यात कुठलाच दुसरा आयपी नसेल तर अडचण तुमच्याच मशीनवर आहे, इंटरफेस १५०० वर राहिलाय, किंवा जुना पाथ एमटीयू लक्षात ठेवलाय (लिनक्स तो डिफॉल्ट ६०० सेकंद ठेवतो, म्हणून दुरुस्ती केल्यावर लगेच फरक दिसला नाही तर दहा मिनिटं थांबा किंवा राउट कॅश फ्लश करा). कुठल्या तरी राउटरच्या आयपीवरून "फ्रॅग नीडेड" आलं तर ते लेयर ३ चं टोक आहे आणि तो आयपीच तुम्हाला जागा सांगतोय, बहुतेक वेळा सोबत एमटीयूचा आकडाही. आणि काहीच आलं नाही, नुसता टाइमआउट, साधा पिंग मात्र जातोय, तर मधल्या कुठल्या तरी लेयर २ पोर्टवर पॅकेट टाकलं जातंय, किंवा फायरवॉलने आयसीएमपी खाल्लंय.

तिसऱ्या प्रकारात आकडा कमी-जास्त करत मर्यादा शोधा, कारण मर्यादा कुठे आहे त्यावरून दोषी कोण ते बरेचदा कळतं. १४७२ पर्यंत जातो आणि १४७३ ला अडतो, म्हणजे कुठलातरी पोर्ट अजून १५०० वर. ८९५८ च्या पुढे अडला तर कुठेतरी जुनिपरवर ९००० टाकलंय, ते १४ बाइट गेले. ८९२२ च्या पुढे अडला तर व्हीएक्सलॅनचे ५० बाइट, अंडरले ९००० वरच ठेवलाय. १४६४ दिसला तर पीपीपीओई. मग कागद काढा आणि रस्त्याच्या अर्ध्यावरच्या स्विचपासून पिंग करा, मग त्या अर्ध्याच्या अर्ध्यावर. सोबत शो इंटरफेसमध्ये जायंट्सचा आकडा कुठल्या पोर्टवर चढतोय ते बघा, जिथे चढतोय तिथे मोठी फ्रेम पोचली पण आत घेतली नाही.

पिंग दोन्ही दिशांनी करा, ए आणि बी दोन्ही रस्त्यांनी करा. पोर्ट-चॅनल असेल तर एका पिंगमध्ये एकच मेंबर लिंक तपासली जाते, म्हणून वेगवेगळ्या सोर्स आयपीवरून करा.

पिंग झाल्यावर खरा डेटा चालवा. आयपर्फ, किंवा सर्व्हर टीमला एक मोठी फाइल कॉपी करायला सांगा. टीसीपी सुरुवातीलाच दोन्ही टोकांतला लहान एमएसएस घेतं, त्यामुळे एक सर्व्हर ९००० वर आणि दुसरा १५०० वर असला तरी टीसीपी चालून जातं आणि चूक झाकली जाते, ती यूडीपीला उघडी पडते. एसएसएच लॉगिन होतं आणि मोठी लिस्ट मागितली की स्क्रीन थिजते, आयस्कझी लॉगिन होतं आणि लन (स्टोरेजवरची डिस्क) माउंट करताना अडकतं, फाइल कॉपी सुरू होते आणि शून्यावर बसते, ही सगळी एकाच दुखण्याची लक्षणं आहेत.

९. मागे फिरायचं असेल तर

विंडो संपायच्या किती आधी मागे फिरायचं ते आधीच लिहून ठेवा आणि ती वेळ झाली की फिराच, "अजून दहा मिनिटं" नको. मागे फिरताना फक्त सर्व्हर आणि स्टोरेज १५०० वर आणा. लेयर २ स्विच ९२१६ वर तसेच राहू द्या, त्यांनी काही अडत नाही आणि कॅटलिस्टचा आणखी एक रीलोड वाचतो. मग दिवसा शांतपणे मधला राहिलेला पोर्ट शोधा आणि पुढच्या विंडोला नुसते सर्व्हर वर न्या.

१०. तिकीट बंद करण्याआधी

तिकिटात "डन" एवढंच लिहू नका. प्रत्येक पोर्टचा नवा एमटीयू, डीएफ पिंगचं आउटपुट दोन्ही दिशांचं, जायंट्सचे आधीचे आणि नंतरचे आकडे, आणि मुद्दाम १५०० वर सोडलेल्या पोर्टची यादी कारणासकट टाका. सकाळच्या शिफ्टला सांगा की बॅकअपचा जॉब चालू होईल तेव्हा त्याच पोर्टचे ड्रॉप एकदा बघा, खरा लोड तेव्हाच येतो. आणि व्हीलॅनच्या नावातच "स्टोरेज_९०००" असं काहीतरी घाला, म्हणजे सहा महिन्यांनी त्यात नवा सर्व्हर जोडणाऱ्याला पोर्ट लावतानाच कळेल की इथे कितीचा एमटीयू लागतो.